टायरला लावलेलं तेल

मोटारसायकलचा टायर मी आजवर कधी दुकानात बदलून घेतला नाही. पलटणीत ड्रायव्हर होतो. गाडीचं काम आपलं आपण करायचं, ही सवय तिथली. कडेगावला परत आल्यावर टायर उचकटायला लोहाराकडून जीपच्या जुन्या स्प्रिंगपाट्याच्या दोन पट्ट्या करून घेतल्या, टोकं कानशीनं गुळगुळीत केली. एक हातपंप, थोडे पाने, चाक खाली ठेवायला एक फाटका टायर. रिमला चिकटलेली टायरची कड सुटत नसली, तर तिच्यावर दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड टेकवून वजन द्यायचं. एवढ्या सामानावर गावातल्या किती गाड्यांचे टायर मी अंगणात बदलले! लोक म्हणायचे, "फौजीच्या हाताला यश हाय." मला ते फार आवडायचं.

टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावतात. ते वाळतं आणि टायर रिमला धरून बसतो. मला हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी सकाळीच इंजिनाचं तेल बदललं होतं, काढलेलं तेल डब्यात समोरच होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून पुढच्या टायरला तेच चोपडलं. टायर सर्रकन बसला. दुपारी बायकोला मागं बसवून तासगावला, तिच्या माहेरी निघालो.

उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल हातातून गेलं. दोघंही खडीवर घसरलो. मला खरचटलं, तिचा हात कोपरात मोडला. दवाखान्यात तिच्या धाकट्या भावानं विचारलं, "दाजी, झालं कसं?"

मी म्हणालो, "ही हलली."

मला तसंच वाटलं होतं. पडायच्या आधी ती मागं सरकल्याचं जाणवलं होतं. तीही रडत म्हणाली, "व्हय, पिशवी निसटत हुती. मी सरकले."

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोतून घरी आली. चाक खोललं. तेलामुळं ब्रेक लागताच टायर रिमवर फिरला होता, त्यानं ट्यूब ओढत नेली होती आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह मुळातून तुटून हवा क्षणात गेली होती. मी रिम रॉकेलनं पुसली, नवी ट्यूब घातली, या वेळी साबणाचं पाणी लावून. जुनी ट्यूब पाणी तापवायच्या बंबात जाळली. घरात कुणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर बायको गाडीवर बसली नाही. माझ्याच नव्हे, कुणाच्याच. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला एसटीनं जायची, मोडका हात छातीशी धरून. भावाला तर चेष्टेला विषयच मिळाला. "आक्का, एसटीत बी हलू नगंस गं, ड्रायव्हर घाबरंल!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

तिची आई गेल्याचा फोन सकाळी आला. गाडी अंगणात उभी होती. मी म्हणालो, "बस, सावकाश नेतो."

"नगं. मी हलले तर? एका दिवसात दोन मयतं कशाला?"

आम्ही स्टँडवर गेलो. तासगावची एसटी आलीच नाही. विट्यावरून जायचं ठरलं, तिथंही ताटकळलो. ती पदर तोंडाला लावून रस्त्याकडं बघत होती. मी शेजारी बसलो होतो. कडेगावातच एक वाक्य बोललो असतो, तर ती उठून घरी आली असती, गाडीवर बसली असती. निदान बसायचं की नाही, हे तिला खरं कळून ठरवता आलं असतं. मी चहा आणू का विचारलं. पोचलो तेव्हा चिता पेटली होती. तिनं आईचं तोंड पाहिलं नाही.

यंदा तिच्या त्याच भावाच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून नवऱ्याच्या गाडीवर बसत होती, तेव्हा माझी बायको तिला हसत म्हणाली, "बाई, हलू नगंस. मी हलले हुते, तर ह्यास्नी पाडलं बघ." इतकी वर्षं दुसरे म्हणायचे. आता ती स्वतः म्हणाली.

त्याच आठवड्यात मागचा टायर बदलायला काढला. हल्ली माझ्या मनगटात जोर नाही, म्हणून कड निसटू नये यासाठी बायको पायानं टायर दाबून धरते. तसा तिचा पाय टायरवर असताना मी सांगितलं. तेल, व्हॉल्व्ह, बंब, सगळं.

तिनं पाय तसाच ठेवून विचारलं, "आई गेली तवा तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"स्टँडवर माझ्याशेजारी बसला हुता तवा?"

"व्हय."

तिनं पाय काढला. अर्धी चढलेली कड फटकन बाहेर आली. ती आत गेली.

बरेच दिवस ती कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी लुगडं बदलून दारात उभी राहिली. "चला तासगावला. आता तिथं तुमच्या तोंडानं सांगा."

एसटीनंच गेलो. भाऊ बेदाण्याच्या शेडमधून आला. मी सांगितलं, तर तो हसायला लागला. "दाजी, लय जुनं झालं की ते!"

"तुला जुनं," ती म्हणाली आणि तिनं नव्या सुनेला हाक मारली. मला तिच्यासमोर पहिल्यापासून परत सांगायला लावलं.

सुनेनं विचारलं, "मग आत्या, तुमी हललाच न्हवता?"

"हलले हुते की. पिशवी निसटत हुती. माणूस हलणारच. दगूड हाय का मी?"

मग मी आई गेली त्या दिवसाचं काढलं, तशी ती उठली आणि सुनेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. भावाचं हसणं थांबलं होतं. शेवटपर्यंत ऐकून तो म्हणाला, "दाजी, त्या दिवशी मी आक्काला चारचौघांत बोललो हुतो. एवढा उशीर करत्यात का म्हणून."

मी तिथंच उभा होतो, तो बोलला तेव्हा.