बंद घरांची पट्टी मागायला घाटकोपर ते कांदिवली

ऐंशीच्या दशकातली ही फेरी. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाला नळयोजना मंजूर झाली होती, पण गावाने आपला वाटा मार्चअखेर पंचायतीत भरायचा होता. नाही भरला तर योजना शेजारच्या गावाला जाणार. पंचायतीची मिळकत म्हणजे घरपट्टी, आणि निम्म्या घरांना कुलपं. त्यांचे मालक मुंबईच्या उपनगरांत. मी पंचायतीची सदस्य. आमचे हे गेल्याला दोन वर्षं झाली होती, घरी अडवणारं कोणी नव्हतं. निघाले.

एसटीतून पहाटे चेंबूरला उतरले. माहुलच्या बाजूला कारखान्याच्या धुरांड्यावर ज्योत जळत होती. तिथून बसने घाटकोपर. माझे दीर, बाळा भावजी, डोंगरावरच्या चाळीत राहायचे. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला रखवालदारी करत होते. जाऊ मंदाने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. एवढ्याशा खोलीत पाहुण्याला खिडकीपाशी जागा देणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

दुसऱ्या दिवशी रविवार. कांदिवलीला गावच्या मुंबई मंडळाची सभा होती. आम्ही तिघं अंधेरीच्या बसने निघालो. तुम्ही या रस्त्याने जाणार असाल तर डाव्या खिडकीशी बसा आणि साकीनाक्याला घाई करू नका. गाडी तशीही पुढे सरकत नाही. लेथचे आवाज, लोखंडाचा वास, गल्लीच्या तोंडाशी चहा. आमच्या यांनी उभा जन्म इथल्याच लेथवर काढला. रविवार असूनही एक शटर उघडं होतं. मी मान वळवून पाहत राहिले. मंदाने तिकीट माझ्या हातातून घेऊन आपल्या पिशवीत ठेवलं.

सभा चाळीच्या गच्चीवर होती. गरम बटाटेवडे आले. मंडळाचे अध्यक्ष तात्या, कांदिवलीत स्वतःचं दुकान असलेले, म्हणाले, "काकी, बंद घराला कसली गो पट्टी? आम्ही तिथे पाणी तरी पितो काय?"

"गणपतीला पिता ना?"

"तेव्हा रांजण भरलेलाच असतो!"

सगळे हसले. मंदा मात्र ताडकन म्हणाली, "कोण भरतं तो? देव येऊन भरतो काय रे, तात्या? तुम्ही यायच्या आदल्या दिवशी वाडीतल्या बायका झऱ्यावरून डोक्यावर आणतात."

ही आमच्याकडची रीत. मुंबईकर दार उघडतो तेव्हा घर झाडलेलं, रांजण काठोकाठ. रिकामा रांजण त्यांनी कधी पाहिलाच नाही. आमच्या यांनीही नाही.

तात्या वरमले. मनाने माणूस उदार. "ठीक. मंडळ सगळा वाटा देणगी देतं. टाकीवर मंडळाचं नाव, आणि पहिला नळ आमच्या खालच्या वाडीत."

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. हो म्हटलं तर योजना वाचणार. पण वरच्या वाडीला तर झराही नाही, आणि पहिला नळ तिथेच, असं ग्रामसभेत ठरलं होतं.

"देणगी नको, तात्या," मी म्हटलं. "पट्टी द्या. नळ कुठे घालायचा ते गाव ठरवेल."

"आयला, देतोय तर घेत नाही!" मागून कोणीतरी म्हणालं. "काकी, वाट लागेल तुमच्या योजनेची."

तेवढ्यात बाळा भावजी उठले. गच्चीवर सगळ्यात कमी कमाई त्यांची. "माझी पट्टी घे, वयनी. पावती मात्र पंचायतीची दे. माझं घर हाय तिथे, मी काय पाव्हणा नाय."

ते शेवटचे शब्द सगळ्यांना लागले असावेत. एकेक जण उठला. तात्या सगळ्यांत शेवटी आले, तोंड फुगवून, पण आले.

परतीच्या एसटीत पैशांची पिशवी पोटाशी धरून बसले. झोप आली नाही, आणि नकोही होती. वाटा मुदतीत भरला गेला. पहिला नळ वरच्या वाडीत बसला.

त्या साली ग्रामसभा मुद्दाम गणपतीत ठेवली. तात्या पहिल्या रांगेत. भाषण नाही, हार नाही, उभं राहून विचारलं, "खालच्या वाडीची पाइपलाइन कुठे अडलीय? पट्टी भरलीय मी."

यापूर्वी मुंबईहून येऊन कोणी आम्हाला असा जाब विचारला नव्हता. मला इतकं बरं वाटलं. पदर सारखा केला आणि उत्तर द्यायला उभी राहिले.