जेनेरिकवाले सर

सरांना कोड दाखवला की ते आधी वाचत नसत. उजव्या हाताचा पंजा टेबलावर आपटत आणि म्हणत, "टाइप सांग." आवाज एवढा व्हायचा की खालच्या झेरॉक्सच्या दुकानातली गिऱ्हाइकं मान वर करून पाहायची. आम्ही यादीत काय साठवणार ते सांगितलं, की मगच त्यांची नजर स्क्रीनवर जायची.

हळू बोलणं ज्यांना जमतच नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या सरांचं ते तालमीतून आलेलं होतं. जळकोटकडच्या शेतकरी घरातला माणूस, कॉलेज संपेपर्यंत कुस्त्या केलेला. कान चुरगळून फुगलेले, मान खांद्यांत रुतलेली. नांदेडात दोन खोल्यांत त्यांची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी होती. पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्टसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. सर चिडले की कीबोर्ड भिंतीवर जायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच गुपचूप नवा आणून ठेवायचे.

मी उमरीहून रेल्वेने ये-जा करायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, "माझ्या ऑफिसात कुणी कास्ट करायची न्हाई. करताना दिसला तर हाकलून देईन." आम्ही बौद्ध. कॉलेजात आडनाव ऐकून झालेल्या चौकशा अजून ताज्या होत्या. वाटलं, माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी बोललं असणार, आणि हा माणूस भर ऑफिसात माझी बाजू घेतोय. मान वर होईना. शेजारच्या नितीनने माझी अवस्था ओळखली आणि हळूच स्क्रीनकडे बोट दाखवलं. एका टाइपची वस्तू दुसऱ्या टाइपची आहे असं मशीनला जबरदस्तीने मानायला लावायचं, त्याला प्रोग्रॅमिंगमध्ये कास्ट म्हणतात. दुपारी डबा खाताना मी हा घोटाळा सरांना सांगितला. ते ठसका लागेपर्यंत हसले. "दोन्हीबी नको," म्हणाले, आणि स्वतःची भाकरी मोडून अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली.

कास्टवर त्यांचा एवढा राग का, ते नितीनने नंतर सांगितलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तपासण्यांचे निकाल साठवणारी एक यादी होती, सरांनीच लिहिलेली. तिच्यात काहीही टाकता यायचं. रक्ताचा निकाल, लघवीचा निकाल, चुकून बिलसुद्धा. बाहेर काढताना मात्र हा रक्ताचाच निकाल आहे, असं मशीनला दटावून सांगायचं. एका लॅबमध्ये अपघातातल्या माणसाचा रक्तगटाचा रिपोर्ट छापायचा होता आणि त्या यादीतून निघालं बिल. प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. बाहेर नातेवाइकांची गर्दी वाढत होती. रिपोर्ट मुद्दाम अडवून ठेवलाय, असं कुणीतरी ओरडलं. काउंटरची काच फुटली आणि आतल्या टेक्निशियनच्या तोंडावर लोखंडी स्टूल बसलं. सर धावत पोचले तेव्हा तो फरशीवर बसला होता. डावा डोळा रक्ताने बुजलेला, आणि तशातच तो रिपोर्ट हाताने लिहून देत होता. रुग्णाला रक्त मिळालं. टेक्निशियनचा डोळा गेला.

त्या दिवशी सरांनी ऑफिसात येऊन स्वतःचा मॉनिटर उचलला आणि जमिनीवर आपटला. मग सगळं सॉफ्टवेअर जेनेरिक टाइप वापरून नव्याने लिहायला घेतलं.

मला ते त्यांनीच शिकवलं. साचा एकदाच लिहायचा, पण त्यात काय बसणार ते टोकदार कंसात आधीच जाहीर करायचं. रक्ताचे निकाल असं एकदा जाहीर केलं की त्या यादीत बिल जाऊच शकत नाही. प्रोग्रॅम चालू होण्याआधीच मशीन लाल रेघ मारून अडवतं. त्या लाल रेघेवर बोट आपटून सर म्हणायचे, "इथं काय शिव्या खायच्या त्या खा. तिथं लॅबमधी कुणाचं डोकं न्हाई फुटलं पाह्यजे." साच्यात टाइपच्या जागी ते नुसतं 'टी' हे अक्षर लिहायचे. हा टी म्हणजे कोण, असं मी एकदा विचारलं. "अजून ठरलं न्हाई. येईल त्यो. पण एकदा आला की त्योच, मधीच बदलायचा न्हाई."

पुढे माझं आणि नितीनचं जमलं. तो लातूरकडचा, सरांच्याच जातीतला. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं आणि नोटीस लागल्यावर त्याच्या घरी कळलं.

एका दुपारी जिन्यावर बरीच पावलं वाजली. नितीनचा चुलत भाऊ आला होता, बरोबर चौघे. त्यांच्या हातांत काठ्या, भावाच्या हातात पाण्याचा लोखंडी पाइप. सरांनी आम्हा दोघांना आतल्या खोलीत ढकललं आणि स्वतः बाहेरच्या दारात उभे राहिले. नितीन बाहेर जाऊ पाहत होता. मी त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता आणि दाराच्या फटीतून पाहत होते.

भाऊ त्यांच्याशी आदराने बोलला. म्हणाला, "सर, तुम्ही आपल्यातले. तुमच्याशी काय भांडण न्हाई. तिला बाहेर काढा फक्त."

"खाली जा," सर म्हणाले.

पाइपचा पहिला फटका चौकटीवर धरलेल्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. दुसरा खांद्यावर बसला. सरांनी दार सोडलं नाही. तिसरा फटका येताना त्यांनी डाव्या हाताने पाइप धरला, भावाच्या पोटात डोकं घालून त्याला उचललं आणि जिन्याच्या तोंडाशी आपटलं. बाकीचे पळाले.

तिथे थांबायला हवं होतं. सर थांबले नाहीत. पडलेल्या माणसाच्या छातीवर गुडघा रोवून ते डाव्या हाताने मारत राहिले. तो हात जोडत होता. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, जबडा वाकडा झाला होता. मी आणि नितीनने मागून ओढलं तरी सर हलेनात. शेवटी मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "सर, मरेल तो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हे ओळखायला त्यांना वेळ लागला. त्या क्षणी मला पळून गेलेल्या सगळ्यांपेक्षा त्यांची भीती जास्त वाटली.

केस दोन्ही बाजूंवर झाली. स्वतःला वाचवताना त्याला लागलं, एवढंच म्हणा, असं वकिलाने सरांना बजावून सांगितलं होतं. जबाबाच्या वेळी मी शेजारीच होते. सर म्हणाले, "दारात त्यांनी मारलं. पडल्यावर मी मारलं. त्याची गरज नव्हती." वकील रागाने उठून बाहेर गेला.

मारामारीची बातमी पसरली तशा लॅब एकेक करून सुटत गेल्या. तरी हात गळ्यात अडकवून सर रोज यायचे. ते तोंडाने कोड सांगायचे, मी टाइप करायची. कोडमधली शेवटची कास्ट काढून टाकली त्या दिवशी ते नुसते मान हलवून खिडकीपाशी गेले. टेबलावर आपटण्यासारखा हात राहिला नव्हता. थोड्या दिवसांनी कंपनी बंद झाली आणि सर जळकोटला गेले. त्या हाताची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. आमचं लग्न झालं, आम्ही नांदेडातच राहिलो. फोन केला तर ते तब्येत विचारून लगेच ठेवून द्यायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात ते हृदयविकाराने गेले. केसचा निकाल अजून लागायचाच होता.

आम्ही जळकोटला भेटायला गेलो. नितीन ओट्यावर पुरुषमाणसांत बसला, मी आत गेले. सरांच्या पत्नीला मी त्यांच्या ऑफिसात कामाला होते एवढंच सांगू शकले. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही तेव्हा तिथं होत्या ना? बाबांनी पडलेल्या माणसाला मारलं, हे खरं हाय का?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. पण मी म्हणाले, "हाव."

तिने मान हलवली. म्हणाली, हाताचं विचारलं की बाबा तेवढंच सांगायचे. 'मी पडलेल्या माणसाला मारलं', यापुढे एक शब्द नाही. गावात लोक समजत होते की धंद्याचं भांडण असणार. कॉलेजात असं सांगायची लाज वाटायची, म्हणून ती कितीतरी दिवस बापाशी बोललीही नव्हती.

"ते दारात उभे होते," मी म्हणाले. "आधी त्यांनाच मारलं. हात मोडला तरी बाजूला झाले नाहीत."

"बाजूला का न्हाई झाले?"

"आत मी होते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दारातून ओट्यावर बसलेल्या नितीनकडे. मग आतल्या खोलीकडे वळून तिने हाक मारली, "आई, जरा इकडं ये. या ताई काय सांगायल्यात ते ऐक."