पळसाशेजारचा माणूस

"हलायचं नाही, भिया. माणूस हलला की माप गेलं."

असं म्हणून काका पायवाटेवरच्या चुना लावलेल्या दगडाला टाचा टेकवायचे, मोबाइल छातीपाशी धरायचे आणि श्वास रोखायचे. समोर पळसाला खेटून मी उभा. दर रविवारी सकाळी आठला, इंदूरबाहेर बेटमा गावाच्या अलीकडे.

असे एककल्ली गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. काकांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली होती. झाडाशेजारी माणूस नसेल तर झाड केवढं ते कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आलो आणि बडा गणपतीजवळ त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो, तेव्हापासून त्यांचा 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, झालो. माझ्याकडे स्कूटर होती, एवढाच माझा गुन्हा. रविवारची झोप मग माझ्या नशिबी उरली नाही.

फोटो काकूंसाठी असायचा. पूर्वी दोघं याच वाटेने फिरायला जायची. चार वर्षांपासून काकू अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून काका त्यांच्यासाठी वाटच घरी न्यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, जरा नाल्याकडून घेऊ या, जास्त छान येईल."

"छान नको. जागा तीच पाहिजे. नाहीतर काय बदललं ते तिला समजणार कसं?"

श्रावणात एका रविवारी पाऊस थांबेना. काकांनी हळूच मागच्या वर्षीचा फोटो पुढे केला. काकूंनी मोबाइल नाकाशी नेला.

"अहो, गेल्या रविवारी पळसामागच्या शेतात सोयाबीन होतं ना? आठ दिवसांत मका कुठून आला?"

काकांनी दोन्ही कान पकडले. "गलती झाली. आता नाही करणार."

पुढच्या रविवारी पाऊस तसाच होता आणि आम्ही दोघं रेनकोट घालून जागेवर हजर. काकूंच्या नजरेला मी मनात चिकार शिव्या घातल्या.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. शेवटच्या रविवारी पळसाची पानं गळत होती. "आता फुलेल," ते म्हणाले होते, "फुलला की तिला दाखवायचा." ते राहूनच गेलं, याचं मला फार वाईट वाटत होतं.

फाल्गुनात मी एकटाच गेलो. दगडाला टाचा टेकवल्या. झाडावर पान एकही नव्हतं, नुसती फुलं. संध्याकाळी फोटो काकूंपुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"फुललाय चांगला. पण त्याच्यापाशी कोणी नाही रे. माप कसं कळायचं?"

फोटो काढायला मी दगडापाशी आलो होतो, तर झाडाशी उभं राहायला कोणी उरलंच नव्हतं. काकूंनी दाराकडे बोट केलं. खुंटीला काकांची काळी छत्री होती.

पुढच्या रविवारी ती पळसाला टेकवली. वाऱ्याने पडली, पुन्हा उभी केली. दगडापाशी परत आलो, टाचा टेकवल्या आणि म्हणालो, "हलायचं नाही, काका."