काशीबेनची विहीर

सानिका, ईशान —

हे तुमच्या आजोबांना कधी कळलं नाही. तुमच्या बाबालाही आजवर ठाऊक नाही. लिहायला बसले, उठले, गॅस बंद आहे का ते पाहून आले, पुन्हा बसले. सकाळपासून हेच चाललंय.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भरभर वाचलं असतं. पण इंग्रजीत मी जन्मभर अहवाल लिहिले. त्या भाषेत माझा हात फार सराईत आहे — नको तेवढा. म्हणून मराठीत लिहितेय. अडलं तर बाबाला विचारा. म्हणजे त्यालाही कळेल.

परवा फोनवर सानिका म्हणाली, तिनं वर्गात माझ्यावर भाषण केलं. माझी आजी गावोगावच्या पाण्याची तपासणी करायची आणि स्वतः पाहिल्याशिवाय कधी 'हो' म्हणायची नाही, असं. मी हसले. "छान बोललीस गं," म्हणाले. मग फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही का?

तुम्ही बडोद्याला, सुभानपुऱ्याच्या घरी आलात की माझ्या भरून ठेवलेल्या पातेल्यांना आणि कळशांना हसता. सोसायटीची टाकी भरलेली असते, नळाला रोज पाणी येतं, तरी ओट्याखाली पाय ठेवायला जागा नसते. ईशान त्याला 'आजीचं धरण' म्हणतो. लहानपणापासूनची सवय आहे रे, असं मी सांगत आले. तेही खोटंच. माझ्या माहेरी पाण्याला कधीच तोटा नव्हता.

माझं काम काय होतं, ते आधी नीट सांगते. पाणी पिण्यालायक आहे का, हे प्रयोगशाळेत कळतं. माझं काम त्याच्या पुढचं. गावात नवी योजना झाली — बोअर, मोटर, उंच टाकी, नळ — की ती टिकेल का, हे बघायचं. लाईट गेली तर काय? मोटर जळाली तर गावात कुणाला दुरुस्त करता येते? चालवणारा माणूस आजारी पडला तर व्हॉल्व्ह कोण उघडेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, भर उन्हाळ्यात बोअर तग धरेल का? त्यासाठी उपसा-चाचणी असते. मोटर लावून एक अख्खा दिवस आणि रात्र पाणी उपसत राहायचं, आत पातळी किती उतरते ते मोजत बसायचं. मग मोटर बंद करून ती पुन्हा कशी चढते ते बघायचं. कंटाळवाणं काम. ते अर्ध्यावर सोडता येत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवायचे — अर्धी चाचणी म्हणजे चाचणीच नाही.

ते गाव विमानतळाजवळच्या हरणीच्या पलीकडे. नाव लिहीत नाही. आता तिथं सोसायट्यांच्या भिंती आहेत. पण तेव्हा शेतं होती, आणि मधल्या चौकात एक जुनी विहीर. पाणी जरा मचूळ, पण ती आटल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. कठडा ढासळला होता, आत एक वासरू पडलं होतं. सरपंचांचं म्हणणं होतं की नळ आले, आता विहीर बुजवावी आणि लग्नाच्या मांडवाला चौक मोकळा करावा. बहुतेक सगळे तयार होते. अडून बसली होती एकटी काशीबेन. विहिरीला लागून घर असलेली, माझ्याहून थोडी मोठी, विधवा बाई. ती म्हणायची, तपासणीवाल्या बेन सांगतील तेव्हाच.

माझ्यावर एवढा भरवसा का? तर इतर साहेब येताना घरून थर्मास आणायचे आणि मी तिच्या घरचं पाणी प्यायचे. तेवढंच.

चाचणी चैत्रात होती. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. बडोद्यातल्या आपल्या मराठी बायका त्या दिवसांत घरोघरी जायच्या, आणि कुणाची आरास कशी, कुणाची आंब्याची डाळ किती आंबट, याची चर्चा पुढच्या वर्षापर्यंत पुरायची. सकाळी मी जीपची वाट पाहत उभी असताना सासूबाई कैऱ्या किसता किसता शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सूनबाई साऱ्या जिल्ह्याला पाणी पाजतात. घरचं पन्हं मात्र तुम्हीच वाढा हं." शेजारीण हसली. मीही हसले.

त्यांना बोल लावत नाहीये. टोमणे मारत, पण त्यांनी मला कधी अडवलं नाही. गावातून लवकर परतायचं मीच ठरवलं. त्या दिवशी मला खणाची साडी नेसून दारात उभं राहायचं होतं. नोकरी करते, इंग्रजी बोलते आणि तरी बघा घर कसं सांभाळते — हे ऐकायचं होतं. बस.

सकाळभर मोटर चालली. पातळी उतरत होती, जरा जास्तच वेगानं. दुपारी मी मोजणीची पट्टी गुंडाळायला सांगितली. तेवढ्यात पाइपातून येणारी धार तुटली. खोकल्यासारखी. एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा. पाण्याबरोबर हवा येत होती. मोटर चालवणारा माझ्याकडे बघायला लागला. मीही ते पाहिलं होतं. हे नीट वाचा, मुलांनो — मला माहीत नव्हतं असं नाही. त्या खोकल्याचा अर्थ, बोअरमधलं पाणी संपत आलंय, हा मला जेवढा कळत होता तेवढा तिथं दुसऱ्या कुणालाही कळत नव्हता. मी म्हणाले, "सुरुवातीला होतं असं." आणि मोटर बंद करायला लावली.

जीपकडे निघाले तर वाटेत काशीबेन उभी. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "बेन, तमे कहो तो कूवो पूरी दईए." तुम्ही म्हणाल तर विहीर बुजवतो. एवढंच.

कागदावरचं नंतर निस्तरता आलं असतं. 'चाचणी पुन्हा घ्यावी' असं लिहिता आलं असतं. पण ही बाई समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबले असते, 'उद्या सांगते' म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं? मी म्हणाले, "हा, पूरी दो." चालता चालता म्हणाले. पायसुद्धा थांबवले नाहीत.

पन्हं त्या वर्षी फार सुरेख झालं होतं. सगळ्यांनी नावाजलं. सासूबाईंनीही.

विहीर पावसाळ्याआधीच बुजवली. पुढच्या चैत्रात बोअर दुपारपर्यंतही टिकेना. टाकी भरेना, नळ नुसते फुसफुसायचे. टँकर आला तर आला. बायका रस्त्यापलीकडे एकाच्या शेतातल्या विहिरीवर जायला लागल्या. मालकाची मर्जी असेल तेव्हा तो भरू द्यायचा. तिथल्या ओल्या पायऱ्यांवरून काशीबेन हंड्यासकट पडली. कमरेचं हाड मोडलं.

योजना का बंद पडली हे शोधायला मलाच पाठवलं. दुसऱ्या कुणाला कशाला पाठवतील? ते गाव माझंच होतं.

ती अंगणात खाटेवर होती. भोवती गाव जमलं. कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. कुणी ओरडलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "बेन, पाणी क्यां गयुं?" पाणी गेलं कुठे.

आता तरी सांगायचं. सांगता येत होतं. मी काय केलं? आवाज चढवला. म्हटलं, नळाच्या पाण्यानं तुम्ही म्हशी धुता, तोट्या उघड्या टाकता, पाणी उधळता — बोअर तरी काय करेल? हे मी शिकलेल्या माणसाच्या ठसक्यात म्हणाले. बायकांनी माना खाली घातल्या. मला वाटतं, प्रत्येक बाई मनातल्या मनात आपली एखादी उघडी राहिलेली तोटी आठवत होती.

मी खोटं बोलले ते एका संध्याकाळच्या कौतुकासाठी. पण हे कशासाठी केलं? याचं उत्तर मला आजही सापडत नाही, आणि या वयात शोधायला गेले तर मी काहीतरी बरं वाटेल असंच शोधून काढेन.

मी दुसरा तालुका मागून घेतला. पुढे कधीतरी त्या गावाला मोठ्या लाइनीचं पाणी आलं, आणि मग ते गावच शहरात आलं. काशीबेन काठीशिवाय पुन्हा चालली नाही, हे मला ऑफिसात कुणीतरी सहज सांगितलं. मी भेटायला गेले नाही. तुम्हाला विमानतळावर सोडायला येते ना, तेव्हा हरणीच्या अलीकडे मी एकदम बडबडायला लागते — पासपोर्ट घेतला का, लाडवांचा डबा कुठल्या बॅगेत ठेवला. तुम्हाला वाटतं, आजीला निरोपाचं वाईट वाटतंय. तेही असतं. पण ते तेवढंच नसतं.

आणि एक राहिलं. ते टाळूनच मी इथवर आले.

त्या दिवशी माझं बोलून झाल्यावर काशीबेन खाटेवरून म्हणाली, "साची वात छे, बेन. अमारी भूल." खरं आहे, चूक आमचीच. मग तिनं मान वळवून सुनेला हाक मारली, उन्हातून आल्यात, बेनना पाणी दे म्हणून. सून आत गेली. शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर आणलेला एकच हंडा घरात होता, आणि तो अर्धा होता. मला तो दारातून दिसत होता. त्यातून तिनं पितळेचा पेला काठोकाठ भरून आणला.

मी तो घेतला. सगळ्यांसमोर, उभ्यानं, सगळा प्यायले.