यादीतल्या मुली गेल्या कुठं

आमच्याकडं मुलीच्या स्थळाची चौकशी बाप्ये करतात. घर कसं, शेती किती, पोरगा पितो का, सगळं विचारून येतात. आणि जिला नांदायचं, ती आत तांदूळ निवडत बसते. माझ्या नातीचं विद्यापीठ ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्या घरात हेच झालं. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

नातीला कॉम्प्युटरचं इंजिनिअर व्हायचं होतं. एक जागा पुण्याकडच्या खासगी विद्यापीठात मिळत होती, दुसरी कशेडी घाट उतरून पलीकडच्या सरकारी विद्यापीठात. माझा मुलगा महाडच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्याला त्यातलं फार कळत नव्हतं, म्हणून त्यानं बायकोच्या भावाला मधे घातलं. हा नातीचा मामा, मूळचा कापडे गावचा, आता मुंबईला असतो. तो आला तोच हातात कागद घेऊन.

"मावशी, हल्ली कॉलेज नाय बघायचं, नेटवर्क बघायचं," मला म्हणाला. "जुने स्टुडंट कुठं लागलेत ते. एक आत शिरला की दहांना ओढतो. खासगीवाल्यांचं नेटवर्क एकदम सॉलिड हाय."

मी म्हटलं, हे तू मला शिकवतोस? आमच्या गावाची मुंबईत खोली होती. गावचा कुणी वळकटी घेऊन गेला की त्याला तिथं अंथरायला जागा मिळायची, आणि पंधरा दिवसांत कुणीतरी आपल्या साहेबाला सांगून त्याला चिकटवायचा. माझा नवरा त्या खोलीत अकरा वर्षं राहिला, चौथी शिकलेला. माझी जाऊ सातवी पास होती. तिला नाय कुणी ओढलं. बाईमाणसाला त्या खोलीत मुक्कामच नव्हता. मी एकदा आजारपणात डॉक्टरला दाखवायला गेले, तर गॅलरीत गोणपाटावर बसून राहिले आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी परतले. अंगात ताप होता. तेव्हा नेटवर्क म्हणजे काय ते मला ठाऊक हाय.

"आण तो कागद," म्हटलं. मुलाच्या पुस्तकांवरून वाचायला शिकलेली मी, वाचते हळू, पण वाचते. खासगी विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी होती, नावापुढं कंपनी. "ह्यात मुली किती?"

"हायत ना."

"बोट ठेव."

त्यानं शोधून शोधून तीन नावांवर बोट ठेवलं.

"आणि ह्या आता कुठं असतात?"

"लग्नं झाली असतील," मामा म्हणाला, आणि चहा पिऊ लागला. म्हणजे झालं उत्तर. मुलगापण मान हलवत होता. त्या दोघांनी मिळून पंधरा फोन केले होते, पंधराच्या पंधरा पोरग्यांना. जिला शिकायचं ती मुलगी, आणि चौकशी पोरग्यांची.

मग मी आणि नात बसलो फोन घेऊन. ओळखीतून ओळख काढत दोन दिवस गेले. त्या यादीतली एक मुलगी आमच्याकडच्याच उमरठ गावची निघाली. ठाण्यात असते, घरीच. ती म्हणाली, "आजी, नोकरी लागली होती, खोटं नाय. बाळ झालं तेव्हा सोडली. परत लागावं म्हणून कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज टाकला, तर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानंही फोन केला नाय. आणि यादीत मी अजून माहेरच्या नावानं त्याच कंपनीत हाय म्हणे. माझं मलाच हसू येतं."

मला नाय आलं हसू.

सरकारी विद्यापीठातून शिकलेली एक महाडची भेटली, क्लार्कची मुलगी. ती म्हणाली, "पहिला पगार खासगीवाल्यांपेक्षा कमी मिळतो, आधीच सांगते. पण आमच्या मुलींच्या हॉस्टेलनं स्वतःची वही ठेवलीय. माहेरचं नाव, सासरचं नाव, नंबर, सगळं. माझी नोकरी गेली तेव्हा मला न बघितलेल्या एका सीनियर ताईनं माझे कागद नेऊन तिच्या साहेबापुढं ठेवले."

नातीनं फोन ठेवला आणि म्हणाली, "आजी, मी घाटापलीकडं जाणार."

आता ऐका. ती सरकारी जागा त्याच आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मोबाइलवरून मंजूर करायची होती. नाय केली तर गेली. आणि त्याचा ओटीपी यायचा बापाच्या मोबाइलवर, कारण फॉर्म भरताना नंबर बापाचा घातलेला. आणि नेमका त्या शुक्रवारी बाप गेला सकाळच्या पाळीला डबल ड्युटी घेऊन. कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवर लॉकरमध्ये ठेवतात. सून स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "ते सकाळी माझ्या दादाला फोनवर सांगत होते, पाच वाजून जाऊ देत, घाटापलीकडचं आपोआप मिटेल."

आपोआप. मी चपला घातल्या, नातीला बरोबर घेतलं.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आजी, पाळी सुटल्याबिगर माणूस भायेर येत नाय."

"मग आत सांग, आई गेटवर बसलीय आणि उठत नाय."

मुलगा हेल्मेट काखेत धरून धावत आला. "काय झालं आये? कोण गेलं?"

"कोण नाय गेलं. मोबाइल काढ."

त्याच्या लगेच ध्यानात आलं. "आये, मामानं पुण्याकडं बोलणी केलीयत."

"तिचं लग्न हाय काय? यादीतल्या एका तरी मुलीला विचारलंस तू?"

तो परत आत वळायला लागला. तेव्हा नात बोलली. "पप्पा, माझं चुकत असेल तर भांडा माझ्याशी. गप बसून वेळ नका घालवू."

त्यानं लॉकर उघडला, मोबाइल काढून तिच्या हातात दिला. "मला नाय समजत त्यातलं," म्हणाला. "तूच बघ." इतके दिवस समजत असल्यासारखा मान हलवत होता.

तिनं ओटीपीचे आकडे घातले, जागा पक्की झाली. पाचाला वीस मिनिटं होती. तो हेल्मेट घालून आत गेला, वळून बघितलं नाय.

शेजारणी म्हणतात, झालं ना मनासारखं, मग आता राग कसला? राग ह्याचा, की त्या दिवशी माझे गुडघे चालले म्हणून झालं. ज्या घरात गेटपर्यंत जाणारी म्हातारी नाय, त्या घरातल्या मुलीनं बापाच्या मोबाइलची वाट बघत बसायचं काय?