काका, खांबापाशी या

संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. खराडीतल्या एका आयटी पार्कच्या चौथ्या मजल्यावर दीपमाला भोयर एका बेल्जियन बाईंना बार्सिलोनाच्या बंदरापासून भुयारी रेल्वेच्या स्टेशनपर्यंत कसं चालत जायचं ते सांगत होती. बाईंनी तीनदा आभार मानले. तिने फोन ठेवला आणि लगेच पुढचा घेतला. नंबर भारतीय होता, फोन इटलीतून आला होता.

"मॅडम, साळवेकर हिअर. सेकंड बस ऑल्सो गॉन."

दीपमालाने समोरच्या पडद्यावरचं वेळापत्रक पाहिलं. इटलीत तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. साळवेकर पती-पत्नी, रंगराव आणि सुशीलाबाई, तार्क्विनिया नावाच्या गावाखालच्या रस्त्यावर उभे होते. त्यांचं जहाज चिवितावेक्किया बंदरात होतं, बसने साधारण पस्तीस मिनिटांवर. साडेचारला जहाजाची शिडी उचलणार होते. दोघांचे पासपोर्ट जहाजाच्या कचेरीत जमा होते, कपडे आणि रंगरावांच्या रक्तदाबाच्या गोळ्या केबिनमध्ये.

"गॉन मीन्स? इट डिड नॉट कम?" तिने विचारलं.

"केम. लुक्ड ॲट अस. वेंट."

दीपमालाचं काम सांगायला सोपं आहे. समुद्रपर्यटनाच्या जहाजातून सकाळी एखाद्या बंदरावर उतरलेल्या माणसाला तिथल्या साध्या बसने किंवा रेल्वेने दिवसभर फिरवायचं आणि जहाज सुटण्याआधी परत आणायचं. हे सगळं खराडीतल्या खुर्चीवर बसून. तिची कंपनी मुळात अशा प्रवाशांना आलिशान बसच्या सहली विकते. तिथल्या तक्रार विभागात दीपमालाने दोन वर्षं काढली. येणाऱ्या ईमेलांत बरेच लोक एकच विचारत: तुमची सहल नको, गावातली बस कुठे मिळते? उत्तराचा मसुदा ठरलेला होता. त्यात सहलीची जाहिरात होती, बसचा उल्लेख नव्हता.

मग ती विभागप्रमुख इंद्रजीत घोरपडे याच्या मागे लागली. बसने फिरणाऱ्यांसाठी वेगळा डेस्क काढा, माहितीपत्रक आणि फोनवरची मदत यांचे पैसे घ्या. पहिल्या बैठकीत इंद्रजीत हसला. दुसऱ्या बैठकीत म्हणाला, नंतर बघू. तिसऱ्या वेळी तिने सोळा बंदरांची माहितीपत्रकं तयार करून त्याच्यासमोर ठेवली. हे काम तिने सुट्टीच्या दिवशी वाघोलीतल्या खोलीवर, मैत्रिणीच्या संगणकावर केलं होतं.

"एक सीझन देतो," इंद्रजीत म्हणाला. "पण ऐक. तुझ्या सांगण्यावरून गेलेल्या एकाही पॅसेंजरचं जहाज चुकलं, की त्या दिवशी डेस्क बंद. तू परत कंप्लेंट्सला."

ती गोष्ट एप्रिलची, सन २०१२. आता सप्टेंबर चालू होता आणि अजून कुणाचं जहाज चुकलं नव्हतं.

दीपमाला हिंगणघाटची. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन करतात. वाघोलीतल्या कॉलेजात बी.सी.ए. करायला ती पुण्यात आली आणि इथेच राहिली. समुद्र तिने एकदा पाहिला आहे, कॉलेजच्या सहलीत, अलिबागला; तिथे तिला ऊन लागलं होतं, एवढंच तिला आठवतं. तक्रार विभागात परत जायचं नाही, हे मात्र तिने ठरवलं होतं. "तिथं माणूस घरी पोचल्यावर भेटतो," ती म्हणते. "चिडून. तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. इथं तो वाटेत भेटतो."

रंगराव साळवेकर कोथरूडचे, डहाणूकर कॉलनीतले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. पत्नी सुशीलाबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. मुलगा आनंद सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत. जहाजाची तिकिटं त्यानेच काढली होती. चिवितावेक्कियाला उतरलेले बहुतेक प्रवासी रोमला जातात. सुशीलाबाईंना तार्क्विनियाच्या डोंगरातली थडगी पाहायची होती. त्यांच्या भिंतींवर अडीच हजार वर्षांपूर्वीची रंगीत चित्रं आहेत. जहाजावरच्या सहलींत ते गाव नव्हतं. म्हणून रंगरावांनी सोमवारी जहाजावरूनच या डेस्कला फोन केला होता.

त्या दिवशी ते आणि दीपमाला इंग्रजीत बोलले. कंपनीचा नियम तसा आहे. फोन रेकॉर्ड होतात आणि इंग्रजीखेरीज बोलायचं नाही. पाच मिनिटांनी रंगरावांनी मध्येच विचारलं, "आपण मराठी का हो?"

"आय ॲम नॉट अलाउड टू आन्सर दॅट, सर."

"म्हणजे मराठीच." मग ते म्हणाले, "ऑफिस कुठे आहे, तेही सांगायचं नसेल."

"पुणे, सर. दॅट आय कॅन टेल."

"पुण्यात कुठे?"

"खराडी."

"कमाल आहे. इटलीच्या समुद्रातून खराडीला एका रिंगमध्ये लागला. आमच्या वेळी कोथरूडहून हडपसर लागलं की पेढे वाटावेसे वाटायचे. आणि लावून देणारा मीच होतो."

ते हसले नाहीत. दीपमालाही हसली नाही. रेकॉर्डिंग चालू होतं.

आज, गुरुवारी, सकाळी दोघं तिच्या पत्रकाप्रमाणे गेले होते. बंदरातून बाहेर सोडणारी गाडी, तिकडे बसची तिकिटं तंबाखूच्या दुकानात मिळतात, तिथून ती, मग बस. जाताना सगळं ठीक झालं, कारण ती बस पहिल्या थांब्यावरून सुटणारी होती आणि ते सरळ आत जाऊन बसले. चित्रं पाहून झाली, जेवण झालं. परतीची एकची बस पकडा, दोनची राखीव समजा, असं पत्रकात लिहिलं होतं. एकची निघून गेली. दोनची उशिराने आली आणि तीही निघून गेली.

आता पुढची बस तीन वीसची होती. तिच्या नंतरच्या बसने गेलं तर शिडी उचललेली असणार.

दीपमालाने रंगरावांना थांबायला सांगून दुसऱ्या फोनवरून टॅक्सीसाठी प्रयत्न केला. एक नंबर लागला नाही. दुसरा लागला, गाडी पाऊण तासाने येईल असं त्या माणसाने सांगितलं. आली तर.

एव्हाना इंद्रजीत तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. "बंदरावरून गाडी पाठवू का?"

"गाडी मिळायलाच अर्धा तास, मग जायला-यायला सव्वा तास. पोचत नाही."

"मग?"

ती रंगरावांकडे वळली. "सर, हाऊ मेनी पीपल गॉट इन द बस?"

"टू बॉइज. वन ओल्ड लेडी विथ कॅबेज."

म्हणजे बस थांबली होती. त्यांच्यासाठी थांबली नव्हती. दीपमालाने पडद्यावर त्या रस्त्याचे फोटो उघडले. वळण, दगडी भिंत, निळी पाटी लावलेला खांब, पुढे उतार.

"सर, व्हेअर एक्झॅक्टली आर यू स्टँडिंग?"

"ॲट द स्टॉप, मॅडम. व्हेअर एल्स? स्लाइटली अहेड."

"हाऊ मच अहेड?"

 रंगरावांनी बहुधा मागे वळून पाहिलं. "देअर इज अ ट्री. वी आर अंडर द ट्री."

फोटोत झाड दिसत होतं. खांबापासून झाडापर्यंत एक अख्खी बस मावली असती.

दीपमालाने माइक तोंडाजवळ ओढला आणि मराठीत विचारलं, "काका, झाडाखाली कशाला उभे राहिलात?"

"अहो, बस थांब्यावर थांबते का कधी?" रंगरावही तत्काळ मराठीवर आले. "चाळीस वर्षं पुण्यात बसने फिरलोय. थांब्यावर उभा राहतो तो धावतो. पुढे उभा राहतो तो चढतो. हे तुम्हाला खराडीत राहून माहीत नाही?"

तिला माहीत होतं. वाघोलीच्या नाक्यावर ती रोज सकाळी तशीच उभी राहते, सगळ्यांबरोबर, थांब्यापासून चांगलंच पुढे. तिने केलेल्या सोळा पत्रकांत थांबा कुठे आहे ते लिहिलं होतं. थांब्यावर उभं राहा, हे लिहायचं तिला सुचलं नव्हतं.

"काका, तिथली बस खांबापाशीच थांबते. आणि खांबाजवळच्या माणसाने हात केला तरच थांबते. त्या म्हाताऱ्या बाईंनी हात केला होता का?"

मागून सुशीलाबाईंचा आवाज आला. "केला होता. मी म्हटलं होतं तुम्हाला."

"तू म्हणालीस की ती ओळखीची दिसते."

"दीपमाला," इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला. "इंग्लिश. लाइन रेकॉर्ड होतेय."

तिने मागे न बघता त्याला हाताने थांबवलं. "काका, झाड सोडा. मागे या आणि खांबाला पाठ लावून उभे राहा. दोघंही."

"हुकूम करताय?"

"हो."

"बरं. आमच्या घरी हे एकाच व्यक्तीला चालतं. आता दोघी झालात." पावलांचा आवाज आला, मग धाप. "आलो खांबापाशी. पण ऐका, वर गावात टॅक्सी असतील. चढ आहे, पण दहा मिनिटांत—"

"नाही."

"अहो, नाही काय? तिसरी पण गेली तर?"

"चढ चढून जाल आणि मागे बस निघून जाईल. काका, इथून हलायचं नाही. मला शब्द द्या."

"तुम्ही तिथे एसीत बसून—"

"बाप्पा, काऊन असं करता?" दीपमाला म्हणाली. हिंगणघाटची बोली ऑफिसात तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडली. 

"विदर्भ का?" रंगरावांनी विचारलं.

"हो. हलू नका."

फोन सुशीलाबाईंनी घेतला. "मी यांना हलू देत नाही, तू काळजी करू नकोस. जहाज गेलं तर काय होईल, तेवढं सांग. खरं सांग."

"पासपोर्ट जहाजाचे लोक बंदरातल्या एजंटाकडे देऊन जातात, म्हणजे द्यायला हवेत. मग स्वतःच्या खर्चाने पुढचं बंदर गाठायचं. व्हिसाचं बघावं लागेल. रात्र तिथेच काढावी लागेल."

"यांच्या गोळ्या जहाजावर आहेत."

"माहीत आहे, काकू. म्हणून तर बसच पकडायची."

सुशीलाबाई बरं म्हणाल्या. मग स्वतःहूनच सांगू लागल्या की एका थडग्यात बासरी वाजवणारा माणूस आहे, दुहेरी बासरी. त्याच्या अंगावरच्या वस्त्राचा तांबडा रंग असा आहे की बोट लावलं तर बोटाला लागेल. शाळेत त्या मुलींना या चित्राचा फोटो दाखवायच्या, काळा-पांढरा. वीस वर्षं त्या मुलींना वस्त्र निळं असेल म्हणून सांगत आल्या.

तीन वीस झाले. बस आली नाही. इंद्रजीतने मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. तीन तेवीस. रंगरावांनी फोन परत घेतला.

"वळणावर निळं काहीतरी दिसतंय. तीच. मॅडम, हात कधी करायचा? लवकर केला तर बरं दिसत नाही."

"आत्ता!"

"रिक्षा थांबवल्यासारखं—"

"काका, आत्ता! दोन्ही हात!"

"दोन्ही हातांत फोन कसा—"

आवाज तुटला. दीपमालाने पुन्हा लावला, लागला नाही. आणखी दोनदा लावला. मग तिने फोन ठेवला आणि बंदरातल्या एजंटाला ईमेल लिहिलं: साळवेकर, दोघं, तार्क्विनियाकडून येणारी बस, शहरातल्या थांब्यावर पाहावं, बंदरातली गाडी त्यांच्यासाठी थांबवता येईल का. एजंटाकडून उत्तर आलं नाही.

साडेसातला शिफ्ट संपली. वाघोलीची कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवत होती. दीपमाला उठली नाही. इंद्रजीतही गेला नाही. तो आपल्या जागेवर जाऊन काहीतरी टाइप करत बसला. आठला, म्हणजे तिकडच्या साडेचारला, जहाजाची शिडी उचलायची वेळ झाली. आठ वाजून पाच मिनिटांनी एजंटाकडून रोजची यादी आली: परत न आलेले प्रवासी. यादीत एक नाव होतं, एका कॅनेडियन माणसाचं. तो रोमला स्वतःच्या जबाबदारीवर गेला होता, डेस्कशी त्याचा संबंध नव्हता.

थोड्या वेळाने तिच्या पडद्यावर रंगरावांचं ईमेल आलं, मराठीतच, पण इंग्रजी लिपीत. "Bas milali. Driver hasla. Golya ghetlya. Tumche patrak durust kara."

इंद्रजीत परत आला तेव्हा त्याच्या हातात छापलेला कागद होता. कामाच्या वेळी अन्य भाषेत संभाषण केल्याबद्दल पहिली लेखी समज. "हे द्यावंच लागतं. ऑडिटला रेकॉर्डिंग जातं," तो म्हणाला.

"द्या," दीपमाला म्हणाली आणि तिने सही केली. "डेस्क?"

"जहाज चुकलं का?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

तिने सोळाही पत्रकं उघडली आणि प्रत्येकात एक ओळ घातली: खांबाजवळच उभे राहा, पुढे नाही, बस दिसताच हात वर करा. इंद्रजीतने तिच्या खांद्यावरून इंग्रजी ओळ वाचली.

"हे लिहायची काय गरज? जर्मन लोक हसतील."

"हसू देत. फक्त जर्मनच वाचतात असं नाही."

"कोथरूडवाल्यांसाठी वेगळं पत्रक काढ मग."

"वाघोलीवाल्यांसाठी पण काढावं लागेल," ती म्हणाली आणि बॅग उचलून निघाली. खराडी बायपासला येऊन तिने वाघोलीची सहा आसनी रिक्षा धरली. गाडीत आधीच नऊजण होते.

उद्या शुक्रवार. लिव्होर्नो बंदरात जहाज सकाळी सातला लागतं, तेव्हा पुण्यात साडेदहा होतात. दीपमालाची शिफ्ट साडेदहाला सुरू होते.