खंडेनवमीला चाललेला लेथ

केडगावात पुणे रस्त्याच्या अंगाला पत्र्याचं एक शेड आहे. आत लोखंड कातायचं एकच लेथ मशीन, आणि त्या मशीनपुढे उभी असते मनकर्णा ठुबे. एक्कावन्न वर्षांची, ठेंगणी, अंगात साडीवर नवऱ्याचा कारखान्यातला जुना खाकी शर्ट, केसांत लोखंडाचा कीस. ती चिडली की आवाज असा लागतो, की तमाशात कनातीला टेकून डुलक्या घेणाऱ्या प्रेक्षकानंही सावरून बसावं. आणि ती चिडलेली नाही असा दिवस केडगावकरांनी क्वचितच पाहिला असेल.

तिच्या रागाला कारण होतं. नवरा बन्सी सुप्याच्या एमआयडीसीत टर्नर होता. नऊ वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले आणि कारखान्यानं त्याला घरी बसवलं. बन्सीनं एक जुना लेथ आणला, बायकोला शेजारी उभं केलं आणि काम शिकवलं. "हात तुजे, डोकं माजं," असं तो म्हणायचा. दोन वर्षांत डोकंही तिचंच झालं. केसभर फरक ती अंगठ्याच्या पेरानं ओळखायला लागली. तरी दारात येणारं गिऱ्हाईक विचारणार बन्सीला: "काका, हा बुश निघंल का?" बन्सी खुर्चीतून बायकोकडे बोट करायचा. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून कसनुसं हसायचं आणि माप पुन्हा बन्सीलाच सांगायचं. दिवसातून दहा वेळा हे गिळायचं म्हटल्यावर पोटात निखारा राहणारच की!

नवरात्रात समोरच्या गॅरेजवाल्या अजिनाथकडे एक काम आलं. समर्थ नावाचा सावेडीचा गृहस्थ, त्याची वीस वर्षं जुनी, लांब पल्ल्याची मोटारसायकल. त्याला बायकोला मागे बसवून दसऱ्याच्या पहाटे कन्याकुमारीला निघायचं होतं. जुनी तारांची चाकं पंक्चरला हैराण करायची, आणि मागचं चाक ज्यात बसतं तो लोखंडी चिमटा गंजून खिळखिळा झालेला. म्हणून समर्थनं नव्या मॉडेलची बिनट्यूबची चाकं आणि त्याच मॉडेलचा चिमटा मिळवला होता. पुढचं चाक बिनबोभाट बसलं. मागच्या चाकाचे बुश, म्हणजे आसावर चढवायच्या लोखंडी नळ्या, मात्र मिळाले नव्हते; त्यामुळे चिमट्यात चाकाच्या दोन्ही अंगांना मिळून तीस मिलिमीटर फट राहिली. ती भरायला दोन बुश हवे होते.

अजिनाथ चिठ्ठी घेऊन आला. "काका, पंधरा-पंधराचे दोन बुश पाह्यजेत."

"गाडी आन इथं," मनकर्णा म्हणाली. "एका अंगाला चेनचं चक्कर, दुसऱ्या अंगाला ब्रेकची चकती. दोन्हीकडं सारखं कसं बसंल? टायर मधी याया पाह्यजे."

"काकू, तीसचं निम्मं पंधरा. पोरगंबी सांगंल." मग बन्सीकडे वळून हसत, "काका, सांगा की काकूंना. गाडी मी बसवतोय का त्या?"

बन्सी चहात बघत राहिला. लोखंडी दांडा मनकर्णानं लेथच्या जबड्यात, चकमध्ये, असा आवळला की जणू अजिनाथची मानगूट. अर्ध्या तासात दोन बुश पुढे आपटले. "घे तुजे पंधरा-पंधरा. बस उरावर घिऊन!"

माप बिनचूक होतं. काम चुकीचं होतं, आणि हे तिला बुश कापतानाच ठाऊक होतं.

खंडेनवमीला सकाळी बन्सीनं लेथ पुसला, हळदकुंकू वाहिलं, चकवर झेंडूची माळ चढवली. मापाचा व्हर्नियर, पाने, हातोडे पाटावर मांडले. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. बन्सीनं हे पंचवीस वर्षं पाळलेलं.

दुपारी मनकर्णा दारात फुलांच्या पाकळ्या झाडत होती, तेवढ्यात रस्त्यानं आवाज आला. कर्र-कर्र, कर्र-कर्र. तिचा खराटा हातातच थांबला. समोर तीच मोटारसायकल, हार घातलेली, हँडलला लिंबू-मिरची. उद्याच्या प्रवासाआधी एक फेरी मारायला समर्थ निघाला होता, मागे बायको सुकन्या, आणि अजिनाथ गॅरेजच्या दारात पेढे घेऊन उभा.

"थांबवा!" मनकर्णा रस्त्यात आडवी उभी राहिली. समर्थनं करकचून ब्रेक मारला.

"अहो मावशी, मराल की!"

"मी न्हाई मरायची. उतरा दोघं!"

शेडातून तिनं सुतळी आणली. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना टेकवून ती पुढच्या चाकापर्यंत ताणली. एका अंगाला सुतळी पुढच्या टायरला घासत होती. दुसऱ्या अंगाला आख्खं बोट आत जात होतं. तिनं समर्थचं बोट धरून त्या फटीत घातलं.

"हे मागलं चाक पुढल्याच्या मागं चालतच न्हाई. चेन तिरकी वढतीया. घाटात तुटली अन् चाकात गुतली, तर मागं कोन बसलंय?"

सुकन्यानं हार घातलेल्या गाडीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.

अजिनाथ धावत आला. "नवी चेन हाय, आवाज करनारच! चार दिवसांत बसंल."

"तुज्या बायकूला बसीव मागं अन् जा चार दिवस!"

"तोंड सांभाळून बोला हां, काकू! अन् चूक हुतं तर मग काढून कशापायी दिलं? हात तुमचाच हुता ना?"

बन्सी खुर्चीतून उठून दारात आला. दारात पडलेला खराटा मनकर्णानं भिंतीला फेकला, आत गेली आणि चकवरची झेंडूची माळ काढून बाजूला ठेवली.

"अगं, आज हत्यार उचलायचं न्हाई," बन्सी म्हणाला.

"मग कवा उचलायचं? त्यांच्या तेराव्याला?"

"देवाचं तरी..."

"देवाला मी बघून घिते. तुमी आधी त्या अजिनाथाला गाडी आत घ्याया सांगा. तुमचं तरी ऐकंल!"

चाक खोललं. मनकर्णानं व्हर्नियर लावला, तिसऱ्यांदा मोजलं, आणि एका अंगाला सहा, दुसऱ्या अंगाला चोवीस ठरवलं. पंधराचा एक बुश कातून सहावर आणला. चोवीसचा नवा दांड्यातून काढला. लोखंडाचा गरम कीस पूजेच्या पाटावर उडत होता आणि बन्सी एकेक हळदीची वाटी उचलून नेत होता. अजिनाथ चाक धरून बसला होता. तिनं "वर" म्हटलं की वर, "गप" म्हटलं की गप.

पुन्हा सुतळी लावली. दोन्ही अंगांना सारखी फट. सुतळीच्या एका टोकाला अजिनाथच होता. तो दोनदा वाकून बघून आला.

"काढा गाडी," मनकर्णा समर्थला म्हणाली. "मागं मी बसते."

साडी सावरत ती एका अंगानं बसली. पुणे रस्त्यानं कामरगावच्या घाटापर्यंत तिनं त्या माणसाला धड श्वास घेऊ दिला नाही. "हानू नका! गिअर टाका! हँडल सैल धरा, बघू कुनीकडं वढती!" गाडी कुठेच ओढत नव्हती. वळणावर ती डोळे मिटून चेनच्या आवाजाकडे कान लावून बसली होती. करकर थांबली होती.

परत आल्यावर ती उतरली. सुकन्या हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

"काकू, ते चुकीचं आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

अजिनाथनं मान वर केली. बन्सीही बघत होता. खोटं बोलायला जागा होती. सगळं अजिनाथच्या चिठ्ठीवर ढकलता आलं असतं.

"व्हय," मनकर्णा म्हणाली. "राग आल्ता मला."

"मग राग आला की मशीन बंद करत जा," सुकन्या म्हणाली. "त्या सीटवर मी होते."

मनकर्णानं मान हलवली. सुकन्यानं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि नवऱ्याच्या मागे जाऊन बसली.